अण्णांच्या वाट्याला आलेली बाजू

परवाच्या रविवारी आमच्या पारनेरच्या घरात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'दोन्ही डोस झाल्यावर मास्क काढावा की नाही?' स्पर्धक दोन, परीक्षक एक, आणि प्रेक्षक म्हणजे मी आणि माझा नवरा.

अण्णा म्हणजे माझे सासरे, हायस्कूलमधले निवृत्त मराठीचे शिक्षक. उभं आयुष्य मुलांना वादविवाद शिकवण्यात गेलं, त्यामुळे घरात आमटी खारट झाली तरी आधी दोन्ही बाजू ऐकून घेतात. दुसरे स्पर्धक तात्या, अण्णांचे बालमित्र. शेजारच्या गावात त्यांची कांद्याची शेती आहे.

तात्यांचा मास्क कायम हनुवटीवर. आणि अण्णांचा? दुसऱ्या लाटेत ते आजारी पडले, बरे झाले, आणि तेव्हापासून घरातसुद्धा मास्क नाकावरून खाली आला नाही. जेवण बाहेरच्या खोलीत... एकट्याने, दार लोटून. सासूबाई ताट आत ठेवून यायच्या आणि आमच्याबरोबर जेवायला बसायच्या, पण त्यांचं सगळं लक्ष त्या दाराकडे.

अण्णांचे दोन्ही डोस कधीच झाले होते. महिन्याभरापूर्वी आमचे आणि तात्यांचेही झाले. डॉक्टरांनीही सांगून पाहिलं की आता घरच्यांबरोबर जेवायला बसायला हरकत नाही. अण्णा मान डोलवायचे आणि ताट आलं की दार लोटायचे... आम्ही म्हणायचो, वय झालं, भीती बसलीये.

शेवटी मी म्हटलं, होऊनच जाऊ दे स्पर्धा. जी बाजू जिंकेल ती घराला लागू! स्पर्धा म्हटल्यावर अण्णांना नाही म्हणता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता खरी गंमत. अण्णांच्या शिस्तीत बाजू चिठ्ठीने ठरते. तुमचं मत काहीही असो, वाट्याला येईल ती बाजू मन लावून मांडायची. चिठ्ठ्या मी लिहिल्या... आणि दोन्हींवर 'काढावा' असंच लिहिलं. पहिली चिठ्ठी अण्णा उचलणार, मग उरलेली कशाला कोण उघडतंय!

हो, लबाडी केली. तीही सासऱ्यांशी. पण दुसरं काही सुचत नव्हतं हो...

अण्णांनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. एवढी वर्षं कॉप्या पकडलेला माणूस तो!  तात्या दुसऱ्या चिठ्ठीला हात घालणार तोच अण्णा म्हणाले, "राहू दे तात्या, उघडायची गरज नाही."

पहिला मान पाहुण्याला, म्हणून तात्या उभे राहिले. "आमी कांदा निवडतो तवा धूळ लई उडती. मास्क आल्यापासून शिंक न्हाई का ठसका न्हाई. करोना जाऊ द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या, मी काय मास्क सोडत न्हाई!" परीक्षक सासूबाईंनी विचारलं, "पण भाऊजी, तो आत्ता आहे कुठे?" तात्यांनी घाईघाईने हनुवटीवरचा मास्क वर ओढला. आम्ही हसून हसून बेजार.

मग अण्णा. "सन्माननीय परीक्षक महोदया..." हे स्वतःच्या बायकोला! सासूबाई चक्क लाजल्या. पुढे मुद्द्यामागून मुद्दा... बाजारात, एसटीत, दवाखान्यात मास्क हवाच, पण सगळ्यांचे डोस झालेल्या घरात, कुणी आजारी नसताना, जेवताना कशाला? मुद्दाम हरणं या माणसाला जमतच नाही.

आणि मध्येच ते थांबले. वेळ संपल्याची खूण म्हणून सासूबाईंनी देवघरातली घंटा उचलली होती, ती तशीच हातात राहिली.

"आमच्या शाळेतले भालेराव सर गेले," अण्णा म्हणाले. "त्या आधी आम्ही एका बाकावर बसून चहा प्यायलो होतो. मग दोघंही पॉझिटिव्ह. मी दवाखान्यातून घरी आलो, तो नाही आला. मी त्याला दिला की त्याने मला, हे मला कधीच कळणार नाही... तुमच्यापैकी कुणाच्या बाबतीत तसं नको, म्हणून मी आत जेवतो."

 मला तर माझ्या चिठ्ठ्यांची लाजच वाटली.

तात्या मात्र उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. "आरं, त्या बाकावर मी बी हुतो की! चहा मीच आनला हुता. मंग माझा दोष व्हय?"

अण्णांनी मान हलवली. नाही.

"मंग तुझा कसा रं?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तात्या, तू माझ्या बाजूने बोलतोयस. स्पर्धेतून बाद होशील."

"हुतो बाद," तात्या म्हणाले.

परीक्षकांनी गुण दिलेच नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पाच पानं मांडली. अण्णांनी हात धुतले, मास्क काढून खिशात ठेवला आणि आमच्यात येऊन बसले. मिशी पार पांढरी झालीये त्यांची, आम्हाला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या-तिसऱ्या घासाला त्यांना ठसका लागला. आम्हा चौघांचे हात जागच्या जागी थांबले. अण्णा पाणी प्यायले, त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ठेचा तिखट झालाय. यावर दोन्ही बाजू ऐकायची गरज नाही."

बाहेर जाताना आम्ही अजून मास्क लावतो, तुम्हीही लावा. पण तुमच्या घरात कुणी असं दार लोटून जेवत असेल, तर आत जाऊन एकदा विचारा, भीती कसली वाटते ते. आम्ही इतके महिने रोज ताट पोचवलं... विचारलं मात्र कुणीच नाही.