अक्कांना मी बालवाडीचं पुस्तक दिलं

मंडळी, "काय वाचू?" असं कुणी विचारलं की मला लई चेव येतो. मामांना शिकारीच्या गोष्टी, दहावीतल्या बहिणीला भुतं. माझा अंदाज कधी चुकत नाही, असं आज सकाळपर्यंत वाटत होतं.

दुपारी भवानी पेठेत लक्ष्मीअक्कांकडे गेले. त्यांच्या अंगणात अक्का धरून पाच जणी विड्या वळत बसतात. मागच्या आठवड्यात मी अक्कांना एक सोपं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक दिलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात परत ठेवलं.

"हे नातीला दे. आमी काय बालवाडीत हाय व्हय?"

तोंडच पडलं माझं. पिशवीत माझी लाडकी कादंबरी होती, शेवटापासून सुरू होऊन मागं जाणारी. कॉलेजच्या मित्रांनी अर्ध्यात सोडलेली. घाबरतच ती त्यांना वाचून दाखवायला लागले. दोन पानांनी थांबून अर्थ सांगायला गेले, तर अक्कांशेजारी विड्या वळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कळलं की गं! मेला हे आधी सांगितलं, कसा मेला ते आता सांगणार. पुढं वाच."

मग अक्कांनी चष्मा लावला, पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागल्या. त्यांचे हात थांबले, तशा बाकीच्या चौघी आपल्या वळलेल्या विड्या अक्कांच्या सुपात टाकू लागल्या. मजुरी विड्या मोजून मिळते, म्हणून वाचणारीचं काम तिथं असंच वाटून घेतात.

माझ्या कादंबरीला एवढा मान कुणीच दिला नव्हता. पुस्तक तिथंच ठेवून छाती फुगवून घरी आलेय.

तुम्ही कुणाला उगाच सोपं पुस्तक दिलंय? जाऊन बदलून द्या की!