वीस अंशांची पाचर

सोलरवाल्यांच्या पिशवीत एखाद वेळी पाना नसला तरी चालायचं, पण ती वीस अंशांची लाकडी पाचर हवीच. उमेदवारीच्या काळात त्यांनी स्वतः तासून केलेली. गच्चीवर सौर बंबाची काच किती कलती ठेवायची, हे बाकीचे फिटर मोजत बसायचे. सोलरवाले पाचर खाली सरकवायचे, नट आवळायचे आणि म्हणायचे, "झालं." पंचवीस वर्षांत गावातल्या निम्म्या गच्च्यांवर त्याच वीस अंशांवर पाणी तापत होतं. एवढ्या यशानं माणसाला थोडी शिंगं फुटणारच.

लेक लग्न होऊन दूर उत्तरेला गेली. फोनवर तिचं एकच पालुपद. "बाबा, इथलं ऊन नुसतं दिसतं, अंगाला जाणवत नाही."

"ऊन म्हणजे ऊन. सूर्य काय दोन आहेत?" सोलरवाले म्हणायचे. फोन ठेवला की बायकोला सांगायचे, "करमत नाहीये तिला, म्हणून खुसपटं काढते."

पण गार पाण्यानं तिचे हात फुटलेत हे कळलं, तेव्हा मात्र त्यांनी लगेच फोन लावला. "मी येऊन बंब बसवतो. मग बघतो कशी तक्रार करतेस!" पाचर टॉवेलात गुंडाळून, दोन दिवस रेल्वेत काढून, ऐन हिवाळ्यात स्वारी लेकीच्या दारात हजर.

लेकीची सासू म्हणजे भूगोलाच्या निवृत्त बाई. शाल गुंडाळून त्या गच्चीवर आल्या, पाचर पाहिली आणि काहीतरी बोलणार, तोच सोलरवाले म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही निर्धास्त राहा. पंचवीस वर्षं हेच करतोय." बाई शाल सावरून बाजूला झाल्या. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला कुणाला कधी आपटू द्यायचं, ते बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर नळाभोवती जमलं. लेकीनं पाण्याखाली हात धरला. "छान आहे, बाबा," ती म्हणाली आणि हात पटकन पदरात लपवला. सोलरवाल्यांनी स्वतः बोट घातलं. पाणी जेमतेम कोमट. त्यांनी काच तीनदा पुसली, सांधे तपासले, बंबाच्या कारखान्याचा उद्धार केला. पण लेक बापाची लाज राखायला खोटं बोलली, हे त्यांना फार लागलं.

शेवटी विहीणबाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बॅटरी सरळ वरून धरली. लहानसा लख्ख गोल पडला. मग बॅटरी तिरकी केली. गोल लांबला, फिकटला.

"उजेड तेवढाच आहे ना, व्याहीबुवा? एक डबा रंग छोट्या भिंतीला दोन हात पुरतो, मोठ्या भिंतीला एकही धड नाही. पृथ्वी गोल. विषुववृत्ताजवळ ऊन सरळ पडतं, म्हणून तो पट्टा उष्ण. वर सरकावं तसं ते तिरकं होत जातं. मधला पट्टा समशीतोष्ण, ध्रुवाशी बर्फ. तुमची पाचर चुकीची नाही. ती तुमच्या गावची आहे. इथं, त्यात हिवाळ्यात, सूर्य खाली असतो; काच त्याच्या समोरासमोर यायला जास्त उभी करावी लागेल."

सोलरवाल्यांनी जुनी फळी मागितली आणि नवी पाचर कापली, चांगली साठ अंशांची. काच जवळजवळ उभीच राहिली. "पडेल की काय!" म्हणून जावई दोनदा डोकावून गेला.

पुढच्या दुपारी नळातून वाफ आली. घरच्यासारखं कढत नव्हे, पण हात सुखावतील असं पाणी. सगळे वाहवा करत होते. सोलरवाले मात्र लेकीच्या फुटलेल्या बोटांकडे बघत होते.

"तू तीन महिने खरं सांगत होतीस," ते म्हणाले. "आणि मी हसण्यावारी नेत होतो. आणखी काय काय सांगितलं होतंस गं?"

लेकीनं नळ बंद केला, डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"बसा, बाबा. वेळ लागेल."