खालांची नजर उजवीकडून निघते

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. पुण्याच्या ऑफिसातून मागून आणलेली काळी पट्टी मी लॅपटॉपला लावली आणि तो मुरुम गावी खालांच्या शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला. ही पट्टी बुबुळं टिपते. माणूस पडद्यावर जिथं बघेल तिथं लाल ठिपका उमटतो. आहे की नाही गंमत!

खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, ओढण्यांवर जरीकाम करतात. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्यांना स्वतःच्या नावानं गाळा हवा होता, आणि त्याचा ऑनलाइन अर्जही स्वतःच भरायचा होता. मुदत संध्याकाळी संपणार होती. पण दर वेळी सगळं भरून झालं की अर्ज कोरा व्हायचा. त्यांची मुलं म्हणायची, "अम्मी, तुम्हाला न्हाय जमायचं, आमी भरतो." आणि अर्ज बनवलेला आमच्याच ऑफिसनं! मी हट्टालाच पेटले.

"नजर लागंल की या पट्टीची," म्हणत खाला ऐसपैस बसल्या.

ठिपका निघाला. नाव, गाव, कामाचा प्रकार, कुठं म्हणून अडखळला नाही. शेवटी मात्र तो थेट उजव्या कोपऱ्यातल्या बटणावर गेला. खालांनी ते दाबलं, अर्ज कोरा! डावीकडं 'सादर', उजवीकडं 'रीसेट', दोन्ही एकाच रंगाची.

"आधी उजवीकडंच का बघता हो?"

"मग कुठं बघू? उर्दू शाळेत उजवीकडूनच शिकले की. मराठी वाचते डावीकडून, पण नवीन काही दिसलं की डोळा आपसूक तिकडंच जातो."

मी टाळीच वाजवली. त्या बटणांच्या रंगावरून आम्ही ऑफिसात तावातावानं भांडलो होतो, पण हे कुणाच्या गावीही नव्हतं. खालांना विचारून मी ते चित्रण सहकाऱ्याला धाडलं आणि फोनवर ओरडले, "ते रीसेट काढूनच टाक! भरलेला अर्ज पुसायची हौस असते कुणाला?"

चहा होईस्तोवर ते बटण गेलं. उरलं एकच, मोठं, 'अर्ज पाठवा'.

खालांनी पुन्हा सगळं भरलं आणि ते दाबलं. पडद्यावर आलं, 'अर्ज मिळाला', आणि खाली त्यांचं पूर्ण नाव.

मी उड्याच मारल्या. ठिपका खालांच्या नावावर जाऊन बसला होता. थोड्या वेळानं तो दिसेनासा झाला. मी पट्टी हलवून बघितली, मग त्यांच्याकडं बघितलं. डोळे भरून आले की पट्टीला बुबुळं सापडत नाहीत.