सात वेळा बरं

नाशिकला आम्ही दोघं गेलो होतो ते पिको-फॉलचं मशीन बघायला. बायको घरी ब्लाउज शिवते. ब्लाउज तिच्याकडे आणि त्याच बाईची साडी पिकोला दुसरीकडे, हे तिला कित्येक वर्षं सलत होतं. शिलाईतून साठवलेले पंचवीस हजार तिच्या खात्यात होते आणि लग्नसराईच्या आत मशीन घरात यायला हवं होतं. मशीन पसंत पडलं, पण दुकानात शिल्लक नव्हतं. आठवड्यात मागवून देतो, दुकानदार म्हणाला. तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

बाहेर रस्त्यावर एका हसऱ्या मुलीनं मला चिठ्ठी काढायला लावली. डब्यांचा सेट लागला. तो घ्यायला समोरच्या हॉटेलात जायचं, दोघांनी जायचं, फक्त अर्धा तास.

आत थंडगार हॉल. प्रत्येक जोडप्याला वेगळं टेबल, चारी भिंतींना जाड पडदे. ज्या दारातून आलो ते दार पडद्यात कुठं गेलं ते कळेना. एक टायवाला दीड तास बोलला. मग त्याचा साहेब आला, मग साहेबाचा साहेब. मी पंचायत समितीत कारकून. पंचवीस वर्षं मी लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत आलो. आपण एका जागी बसलेलो असताना टेबलंच आपल्याकडे चालत येतात, हा अनुभव नवा होता. उठावं तर कुणीतरी पाणी आणून ठेवी आणि पाणी प्यायला पुन्हा बसावं लागे.

शेवटी घड्याळ बघितलं. जव्हारची शेवटची एसटी सुटायला पाऊण तास. माझ्या खात्यात महिनाअखेरचं वारं वाहत होतं, म्हणून मी बायकोच्या कानात म्हणालो, "तुझं कार्ड दे. पिन टाक. गाडी जाईल." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिन टाकला; मशीनचे पंचवीस हजार गेले. लोक जीव सोडवायला खंडणी देतात. मी एसटी गाठायला दिली.

मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा बायको म्हणाली, "आपण राहतो कुठं?"

"जव्हारला."

"तिथं लोक कशाला येतात?"

"थंड हवा खायला."

"मग आपण काय विकत घेतलं?"

"थंड हवेच्या ठिकाणी तीन रात्री," मी म्हणालो. "ट्रायल आहे."

डब्यांचा सेट तिच्या मांडीवर होता. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

घरी येऊन कागद वाचले. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दहा दिवसांत लेखी कळवलं तर पॅकेज रद्द होईल आणि पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाईल. अर्ज लिहिणं हा माझा प्रांत. 'विषय', 'संदर्भ', 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा झकास अर्ज लिहून मी तो चौथ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि वर ईमेलही केला. बायकोला म्हणालो, "झालं तुझं काम." हे वाक्य मी ऑफिसात कधी कुणापुढं उच्चारत नाही. घरात उच्चारलं.

दोन दिवसांनी कंपनीच्या बाईचा फोन आला. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. बाई गोड बोलल्या, बराच वेळ बोलल्या. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला. मग महिना गेला, पैसे नाहीत. मीच फोन लावला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं पॅकेज रद्द झालेलं नाही. तुम्ही रद्द करण्याऐवजी मुदत वाढवून घेतलीत."

"मी कधी घेतली?"

"सर, कॉल रेकॉर्ड आहे. मॅडमनी विचारलं, मुदत दोन वर्षं करून देऊ का. तुम्ही 'बरं' बोललात. सात वेळा."

आता हे त्या मुलीला कसं समजवावं? आमच्या ऑफिसात समोरचा बोलत असताना मी 'बरं... बरं...' करत असतो. त्याचा अर्थ कानात शिरतंय एवढाच. काम करतो असा तर मुळीच नाही. तालुक्याला हे ठाऊक आहे. जामसरची एक म्हातारी एकदा माझ्यासमोरच सुनेला म्हणाली होती, "भाऊसाहेब बरं बोलला. चल घरी, आज नाय होत." जे म्हातारीला एका 'बरं'मध्ये कळलं ते कंपनीला सातांत कळू नये?

खाली येऊन बायकोला सांगितलं. ती काजं करत होती. सुई न थांबवता म्हणाली, "माझ्या बाबांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही तुम्ही 'बरं'च म्हणाला होता. त्यांनी तो होकार समजला."

त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वरिष्ठ मॅडमचा फोन येणार होता. गच्चीवर बायको माझ्याबरोबर आली, हातात पाण्याचा तांब्या. "त्या बोलायला लागल्या की घोट तोंडात धरायचा," ती म्हणाली. "थांबल्या की गिळायचा आणि एवढंच म्हणायचं: नको, पैसे परत करा."

मॅडम सुरू झाल्या. सवलती, समुद्रकिनारा, नाश्ता फुकट. माझे गाल फुगलेले. दोनदा 'बरं' जिभेपर्यंत आलं आणि पाण्यात बुडालं. मॅडम मध्येच थांबल्या. "हॅलो सर? आहात ना?" मी गिळलं. "नको. पैसे परत करा." पुन्हा समुद्रकिनारा, पुन्हा घोट. माझ्या शांततेला त्या घाबरल्या असाव्यात, कारण चौथ्या घोटाला म्हणाल्या, "सर, तुम्ही ग्राहक मंचात वगैरे गेला नाहीत ना?" माझ्या तोंडात पाणी होतं, म्हणून उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी ईमेल आला: रद्द करण्याची विनंती मान्य, रक्कम कामकाजाच्या तीस दिवसांत.

ते तीस दिवसही गेले. लग्नसराई दारात आली. मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन गच्चीवर चढू लागलो. "आपली विनंती प्रक्रियेत आहे, सर. तोवर आमची नवी योजना ऐकाल?" "नको." "फक्त दोन मिनिटं?" "नाही." आता पाणीही लागत नव्हतं. पण सुटका काही दिसत नव्हती, आणि खाली उतरलो की बायको काही विचारत नसे, ते जास्त लागायचं.

एका दुपारी असाच फोनवर असताना खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. पाठोपाठ बायकोची हाक आली, "अहो, खाली या. मशीन जड आहे, दुसरी बाजू धरायला माणूस हवाय."

मी कठड्यावरून वाकलो. "कसलं मशीन?"

"पिकोचं."

"आणि पैसे?"

"आले की. गेल्या सोमवारी."

फोनवर मुलगी म्हणत होती, "सर, आपली विनंती प्रक्रियेत..."

"आलेत म्हणे," मी म्हणालो.

"सिस्टिममध्ये अजून दिसत नाहीत, सर."

"बायकोला दिसलेत," म्हणून मी फोन ठेवला आणि खाली उतरलो. मशीनची एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या. खरंच जड होतं. मी विचारलं, सोमवारपासून मला सांगितलं का नाही, मी उन्हात उभा राहून भांडत होतो.

"रोज 'नाही' म्हणत होता कुणाला तरी," ती म्हणाली. "खाली ऐकू यायचं. बरं वाटायचं. जरा डावीकडे घ्या, उंबरा आहे."