हत्ती गेला, शेपूट राहिलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने भुतांवर विश्वास ठेवू नये. ठेवला तर धंदा बुडालाच म्हणायचा. रिकामी लिफ्ट आपणहून वर येते, दार उघडतं, कुणी उतरत नाही, दार मिटतं, ही तक्रार प्रत्येक इमारतीत असतेच. आणि शोधायला गेलं की एखादं चिकटलेलं बटण निघतं, नाहीतर झिजलेली तार. आपल्या या लिफ्टवाल्याने जन्मभर लोकांची अशी भुतं उतरवली होती. त्यामुळे स्वतःच्याच मजल्यावर संध्याकाळी रिकामी लिफ्ट येऊन थांबायला लागली, तेव्हा त्याने सरळ अवजारांची पेटी उघडली. बटण काढून पुसलं, तारा बदलल्या, दाराची पट्टी घासली. सगळं ठणठणीत होतं. लिफ्ट तरीही येतच राहिली.

ती कधीपासून यायला लागली, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आधी शेपटाचं सांगायला हवं.

शेपूट म्हणजे त्याच्या बायकोची मुलगी, पहिल्या नवऱ्याची. केस पांढरे व्हायला लागल्यावर हा गडी आपल्या जुन्या देशात जाऊन बोहल्यावर चढला होता. बायको शिवणाच्या कारखान्यात कॉलर जोडायची. ती पाणी प्यायला उठली तरी ही पोर मागोमाग. चालताना आई नुसता हात मागे करायची, न बघता, बोटं उघडी ठेवून. आणि त्या बोटांत हिची बोटं येऊन बसायची. लग्नाच्या दिवशी फोटोवाला म्हणाला, "आता फक्त नवरा-नवरी." पोर हलेना. तेव्हा हा म्हणाला, "अहो, शेपूट कापून फोटो कसा काढणार?" झालं, नाव पडलं. पोरीनेही सूड उगवला आणि याला लिफ्टबाबा करून टाकलं.

"म्हणजे हत्ती मी का?" बायको विचारायची.

"मी कुठे काय म्हणालो?"

परदेशी कामावर परत आल्यावर त्याने दोघींना इकडे आणायचा अर्ज केला. इथे तो कायमचा रहिवासी होता, नागरिक नव्हता. रहिवाशाच्या बायकोला रांगेत थांबावं लागतं, आणि ती रांग म्हणजे मुंगीच्या पावलाने चाललेली वरात. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्या रांगेत आईच्या अर्जावर लेकरूही येतं. शेजारच्या खोलीत एक रंगारी राहायचा. भिंतींइतकेच सल्ले फासणारा माणूस. तो म्हणाला, "अरे, नागरिक हो की! नागरिकाच्या बायकोला रांगच नाही." खरं होतं ते. पण अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याने जेवढी घरं बुडवली तेवढी खोट्याने नसतील बुडवली.

लिफ्टवाला कामाला लागला. जेवता जेवता परीक्षेची उत्तरं घोकली, इस्त्रीचा शर्ट घालून शपथ घेतली, आणि त्याच आठवड्यात अर्ज बदलायला खिडकीवर जाऊन उभा राहिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी?"

"बायकोसाठी."

"आणखी कुणी?"

"नाही, तेवढंच," तो म्हणाला. हसतच म्हणाला. त्याच्या मनात मुलगी होती, नव्हती असं नाही. पण शेपूट कुणी वेगळं मोजतं का? हत्ती म्हटला की ते आलंच.

बायकोला मुलाखतीचं बोलावणं आलं, तिची मुलाखत झाली, परवानगीही मिळाली. मुलीचं नाव कुठेच नव्हतं. चूक झाली असेल म्हणून तो खिडकीवर धावला. बाई चांगल्या होत्या, त्यांनी न चिडता समजावलं. "नागरिकाच्या बायकोची वाट वेगळी. तिथे रांग नाही, पण तिच्या अर्जावर दुसरं कुणी येत नाही. मुलीचा अर्ज तुम्ही वेगळा करायला हवा होता. म्हणून तर मी विचारलं होतं."

"मग मला परत रहिवासी करा. माझी शपथ परत घ्या."

बाई हसल्या नाहीत. "तसं होत नाही. मुलीचा आज करा. पण तो पहिल्यापासून सुरू होईल. वर्ष लागेल, जास्तही लागेल. आणि बायकोने परवानगीची मुदत संपायच्या आत यायला हवं, नाहीतर तिचंही सगळं नव्याने."

त्याने तिथेच मुलीचा अर्ज केला आणि घरी आला. जिन्यात रंगारी भेटला. त्या बिचाऱ्याला मुलीचं लाडाचं नाव कुठलं माहीत असायला! तो पाठीवर थाप मारून म्हणाला, "एवढं तोंड काय पाडतोस? हत्ती तर गेला, शेपूट तेवढं राहिलं."

खोलीत येऊन त्याने बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे कारखान्यातली मशीन चालल्याचा आवाज येत राहिला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती तुमच्या रक्ताची असती, तर विसरला असता?"

"विसरलो नाही गं. मला वाटलं, ती तुझ्यातच आली."

हे खरंच होतं. पण फोन ठेवल्यावर तोच प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि उत्तर यायला उशीर झाला. तेवढ्या उशिराची त्याला भीती वाटली. तेव्हाच बाहेर लिफ्ट पहिल्यांदा अशी येऊन थांबली, दार उघडलं, मिटलं. त्याने जाऊन बघितलं. कुणी नव्हतं.

त्याच्या लहानपणी त्याचा बाप बोटीवर कामाला गेला होता. जाताना म्हणाला होता, "मी पुढे होतो, तुम्ही या पाठोपाठ." ते पाठोपाठ कधी आलंच नाही. तो शब्द लिफ्टवाल्याने पुढे तोंडातून काढला नाही. लोकांना "मागून येतो" म्हणायचा, "येतोच" म्हणायचा, पण पाठोपाठ कधी नाही. आता पोरीला काय सांगायचं, या विचाराने त्याची झोप उडाली, अन्न गोड लागेना. काहीही सांगायला गेलं तरी शेवटी तोच शब्द समोर येऊन उभा राहायचा.

त्याला तो उच्चारावा लागला नाही. पोरीनेच फोन केला.

"लिफ्टबाबा, आईला येऊ दे. ती नाही म्हणतेय, पण मी सांगितलंय तिला. मी मावशीकडे राहते. येतेच की पाठोपाठ."

त्याला हुंदका आवरेना. त्याने फोन छातीशी धरला, म्हणजे पलीकडे ऐकू जायला नको.

बायको आली. तो तिला विमानतळावरून घेऊन आला. वाटेत दोघं हवेबद्दल बोलले, सामानाबद्दल बोलले. वर लिफ्टचं दार उघडलं. ती पुढे झाली, आणि बाहेर पाऊल टाकताना तिचा हात सवयीने मागे गेला, बोटं उघडी. तसाच राहिला. त्याने बॅगा खाली ठेवून दार हाताने धरलं होतं. लिफ्ट किंचाळायला लागली तरी धरून होता.

"सोडा दार," ती म्हणाली. त्याने सोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भांडी लावत होती आणि लिफ्ट आली. दार उघडल्याचा आवाज झाला. ती हातातली ताटली तशीच घेऊन दाराशी गेली, कडी काढली, बघितलं.

"रोज येते?"

"रोज. कुठेतरी तार दुखावली असेल. आज बटणांची अख्खी पाटीच काढून बघतो." त्याने पेटी ओढून पेचकस हातात घेतला.

"नका हो," ती म्हणाली. "दुरुस्त केलीत, आणि नेमकी पोर आली तेव्हा थांबली नाही, तर?"

त्याने पेचकस पेटीत ठेवला. तिने कडी लावली नाही.