लांजेवार सरांना मित्र हवा

भिलाईत सुपेल्याच्या बाजाराला लागून एक खाजगी शाळा आहे. तिच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ असा शब्द आहे. त्याला आधार एवढाच, की मालकांचा एक साडू दुबईत असतो. या शाळेत प्रेमानंद लांजेवार सर इंग्रजी शिकवत, आणि वर्तमानकाळाचे चारही प्रकार त्यांनी वर्षानुवर्षं एकाच आंब्यावर उरकले होते. राम आंबा खातो. राम आंबा खात आहे. रामाने आंबा खाल्ला आहे. राम सकाळपासून आंबा खात आला आहे. शेवटच्या वाक्यातल्या रामाच्या पोटाची काळजी कुणी केली नाही, आणि मुलं पास होत राहिली.

मग मालकांच्या सूनबाई उन्नती मॅडम रायपूरच्या एका हॉटेलात कार्यशाळेला जाऊन आल्या. तिथे त्यांना कळलं, की आजच्या मुलांना आंब्याविषयी काही वाटत नाही. त्यांना भावना लागतात. त्यामुळे यापुढे व्याकरणाचा प्रत्येक धडा एकेका भावनेतून शिकवायचा होता. वर्तमानकाळाच्या वाट्याला मैत्री आली. धड्याच्या शेवटी सरांनी आपला एक खराखुरा मित्र वर्गात आणायचा, मुलांनी त्याला चारही प्रकारांत प्रश्न विचारायचे आणि शाळेने त्याचं चित्रीकरण करून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकायचं, असं ठरलं. सरांचा बेस्ट फ्रेंड कोण, असं मॅडमनी हिंदीत विचारलं. सर म्हणाले, पाहून सांगतो. हरवलेल्या छत्रीबद्दल माणूस म्हणतो ना, तसं.

कारण सरांना मित्र नव्हता. होते तेवढे त्यांनी दुरुस्त करून टाकले होते. रुआबांधा या ज्या वस्तीत ते राहत, तिथल्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तरी सरांचं उत्तर स्पेलिंगपासून सुरू व्हायचं. समोरच्या गल्लीतल्या एकाने वडील गेल्याचं इंग्रजीत कळवलं, तर सरांनी आधी क्रियापद सुधारून पाठवलं आणि मग श्रद्धांजली वाहिली. श्रद्धांजली निर्दोष होती. तरी त्या घरच्या तेरवीला सरांना निरोप आला नाही, याचं त्यांना खरंच नवल वाटलं.

खरा मित्र असा एकच झाला होता, कृष्णराव हटवार. दोघांचेही वडील साकोलीकडची शेती भावांवर सोडून भिलाईला आले आणि पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर लागले. दोघांचे क्वार्टर एका ओळीत. पोरं एका वर्गात, एका सायकलवर. पुढे दोघांनी प्लांटमध्ये क्लार्कच्या जागेसाठी अर्ज केला. इंग्रजीत एम.ए. झालेल्या प्रेमानंदाला प्लांटने घेतलं नाही, आणि ‘सिन्स’ कुठे, ‘फॉर’ कुठे हे ज्याला आयुष्यभर कळलं नाही त्या कृष्णाला घेतलं. प्लांट पोलाद करत होता, वाक्यं नाही, ही गोष्ट प्रेमानंदाच्या ध्यानात आली नसावी. त्याने पेढे खाल्ले, मित्राला मिठी मारली, आणि त्या दिवसापासून त्याला कृष्णाच्या चुका अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागल्या.

कृष्णराव रिटायर झाले तेव्हा विभागाच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता. मोठे साहेब येणार म्हणून कृष्णरावांनी इंग्रजीत भाषण पाठ केलं. पहिल्या रांगेत बायको सिंधुताई, शेजारी लांजेवार पतिपत्नी. कृष्णराव उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थर्टी इयर्स.”

“हॅव बीन वर्किंग,” पहिल्या रांगेतून आवाज आला. “अँड फॉर.”

साहेब हसले. साहेब हसले म्हणून बाकीचेही हसले. कृष्णरावांनी पुढचं वाक्य आठवून पाहिलं, ते आलं नाही, मग थँक यू म्हणून ते खाली बसले. सरांनी घरी जाताना बायकोला सांगितलं, की वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर सगळं भाषण तसंच चुकीचं झालं असतं. ताराने रात्री भाजी काय करायची ते विचारलं. तिला लांजेवारांच्या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती.

तेव्हापासून कृष्णराव सरांशी बोलले नव्हते. दोघांची घरं रुआबांध्यातच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. भाजीच्या ठेल्यावर गाठ पडली तर एक जण वांग्यांकडे असा पाहू लागायचा, जसं काही प्लांटने त्याला वांग्यांच्या तपासणीवरच नेमलं आहे. बायकांनी मात्र हे भांडण घेतलं नाही. तारा आणि सिंधुताई रोज संध्याकाळी सोबत फिरायला जात आणि त्यात नवऱ्यांचा विषय बहुधा निघत नसे. त्याहून बरे विषय होते.

सरांनी आधी शेजारच्या देवाजीला गाठलं. देवाजी प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन, स्वभावाने भिडस्त. तो हो म्हणाला. मुलं इंग्रजीत विचारतील आणि सर बाजूलाच उभे असतील, हे कळल्यावर त्याची दाढ दुखू लागली आणि नेमकी त्याच दिवशीची दुर्गच्या डॉक्टरची वेळ मिळाली. सरांनी मग शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांना मित्र व्हायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, सर, मी तुमचा आदर करतो. आदर करणाऱ्याला पुढे काही म्हणता येत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सर जेवले नाहीत. तारानं विचारलं तेव्हा मोठ्या कष्टाने सगळं सांगितलं.

“मंग एवढ्या वर्षांत तुमाले एक माणूस नाही जमला,” ती म्हणाली. तिने हे चिडून म्हटलं नव्हतं, म्हणून ते अधिक लागलं. मग ती चपला घालून बाहेर पडली.

तिने हटवारांच्या घरी काय सांगितलं, ते सरांना दुसऱ्या दिवशी कळलं. शाळेत कार्यक्रम आहे, मुख्य पाहुणे म्हणून कृष्णभाऊंना बोलावलं आहे, शाल आणि नारळ आहे. शाळा कोणती, हे तिने सांगितलं. वर्ग कुणाचा, हे सांगायचं राहून गेलं. सिंधुताईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याचा सफारी काढून इस्त्रीला टाकला.

तर कृष्णराव सफारी घालून, केसांना तेल लावून, स्कूटरवरून शाळेत आले. उन्नती मॅडमनी त्यांना देठासकट एक फूल दिलं आणि थेट आठवीच्या वर्गात नेलं. दारात लांजेवार सर उभे होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘माय टीचर्स बेस्ट फ्रेंड’ असं लिहिलं होतं आणि भोवती दोन हृदयं काढली होती. कृष्णरावांनी फळा वाचला, सरांकडे पाहिलं, मागे वळून दार पाहिलं. दारात मोबाइल धरून मॅडम उभ्या होत्या. ते मुकाट्याने खुर्चीवर बसले.

मुलांनी प्रश्न तयार ठेवले होते. साध्या वर्तमानकाळात विचारलं, तुम्ही रोज भेटता का? नो. चालू वर्तमानकाळात विचारलं, तुम्ही आता काय करत आहात? सिटिंग. मॅडमनी खुणेने मोठं उत्तर द्या म्हणून सांगितलं. मग एका मुलाने विचारलं, तुम्ही सरांना कधीपासून ओळखता?

कृष्णरावांनी घसा साफ केला. “आय ॲम नोइंग हिम सिन्स मेनी इयर्स.”

“हॅव नोन! फॉर!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला आणि हसला.

सर पहिल्या बाकाजवळ उभे होते. मुलांचं काही चुकलं नव्हतं. प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं, आणि इतकं चोख उत्तर त्यांना निरीक्षकांसमोरही कधी मिळालं नव्हतं. त्यांना शाबास म्हणायचं होतं. पण खुर्चीवरच्या माणसाचे कान लाल झालेले त्यांना दिसले. निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये ते स्वतः पहिल्या रांगेत साहेबांकडे पाहत बसले होते. कृष्णाचे कान तेव्हा पाहायचे राहिले होते.

कृष्णराव या वेळी खाली मान घालून बसले नाहीत. ते मुलांकडे पाहून हिंदीत म्हणाले, की तुमच्या सरांनीही मला भर हॉलमध्ये हेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. आता तुम्ही सगळ्यांनी सांगितलं. मग तुमच्याशीही बोलणं बंद करू का?

मागच्या बाकावरची रेणू नावाची मुलगी उभी राहिली. तिच्या कागदावरचे प्रश्न संपले होते, तरी तिने आपल्या मनाने कृष्णरावांना विचारलं, “सर, इज ही युअर फ्रेंड?”

कृष्णरावांनी फळ्यावरची हृदयं पाहिली. “वॉज,” ते म्हणाले.

उन्नती मॅडम पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, की भूतकाळ या धड्यात नाही, पुढच्या महिन्यात आहे. आपण हे पुन्हा घेऊ या का?

मग रेणूने तोच प्रश्न लांजेवार सरांना विचारला. सरांकडे मैत्रीवरची सहा वाक्यं तयार होती, आणि त्यांतल्या तिसऱ्यापुढे कंसात ‘शेक हँड्स’ अशी सूचनाही होती. त्यांतलं एकही त्यांना आठवलं नाही.

“इज,” ते म्हणाले.

कृष्णराव खुर्चीतून उठले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “हे ठरवणारा तू कोण रे?”

ते ताडताड बाहेर पडले. सर मागे गेले. वर्गाला काय लिहायचं ते न सांगता सर बाहेर गेल्याची ही पहिलीच वेळ. सायकल स्टँडपाशी कृष्णराव स्कूटरला किक मारत होते आणि ती नेहमीप्रमाणे सुरू होत नव्हती.

“कृष्णा, माझं चुकलं,” सर म्हणाले.

“आता तुले चूक दिसून राहिली? एवढी वर्षं काय करून राहिला होता?”

मग कृष्णरावांनी सगळं काढलं. हॉलातलं, त्याच्याही आधीचं, पेढे खाताना प्रेमानंदाने केलेलं तोंड, मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत शोधलेली स्पेलिंगची चूक. सरांनीही मग उलट काढलं, की प्लांटमध्ये लागल्यावर तू माझ्याकडे नव्या स्कूटरवरून यायचास आणि मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवायचास. कृष्णराव म्हणाले, मुद्दामच वाजवत होतो. दोघं भांडत राहिले. मधली सुट्टी झाली, मुलं खिडकीत जमली, सुट्टी संपली, तरी भांडण संपलं नाही. शेवटी कृष्णराव म्हणाले, उन्हात डोकं दुखून राहिलं, चहा पाज. सरांनी समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि तिथे ते उरलेलं भांडले.

उन्नती मॅडमच्या चित्रफितीतून ‘वॉज’ कापला गेला. राहिला तो फक्त सरांचा ‘इज’, मागे सनईचं संगीत आणि उडणारे बदाम. ती पालकांना फार आवडली.

आता कृष्णराव रोज संध्याकाळी लांजेवारांकडे येतात. त्यांनी घातलेली अट एकच, की प्रेमानंदासमोर ते इंग्रजीचा शब्द काढणार नाहीत. ‘टेबल’लाही ते लाकडाचं ते म्हणतात. सरांना याचा त्रास होतो, पण ते सोसतात. दोघं ओसरीवर बसून जुन्या गोष्टींवरून मोठमोठ्याने वाद घालतात, आणि आत चहा दोनदा ठेवावा लागतो. सिंधुताईंनी परवा फिरताना ताराला सांगितलं, की तू केलंस ते बरंच केलंस, पण मधली वर्षं मोठी शांततेची गेली.