ओटीतले मूठभर गहू

दुष्काळ सरल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नगरला एका शाळेच्या मैदानावर कलामहोत्सव भरला. बाहुल्यांचे खेळ, मुलांच्या चित्रांच्या स्पर्धा, बर्फाचे गोळे, संध्याकाळी गाणी. दोन वर्षं नुसती टँकरची वाट पाहिलेली माणसं लेकराबाळांसकट रोज तिथे मुक्कामाला असल्यासारखी. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं, आणि घरात सगळ्यांत हौशी मीच.

एका संध्याकाळी खेड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ठेवल्या होत्या. शेवगावकडच्या माझ्या आईला ओव्या किती येतात याची गणतीच नव्हती. कुणाला न विचारता मी तिचं नाव देऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना माइकपुढे बसवून शोभा कशाला करतेस?"

मला असा संताप आला! माझ्या खेडवळ आईची यांना लाज वाटते, असंच मी धरून चालले आणि इरेलाच पेटले.

त्या दिवशी दारात हळदीकुंकू लावून बायकांच्या ओटीत मूठभर गहू घालत होते. सासूबाईंनी ते पदराला बांधले आणि गंभीर चेहऱ्यानं पहिल्या रांगेत बसल्या.

रंगमंचावर शोभेसाठी जातं मांडलं होतं. आई त्याच्यापुढे बसली, जात्याच्या तोंडात बोट घालून चाचपलं आणि खुंट्यावरचा हात काढून घेतला. मी पुढे झाले.

"गा ना, आई."

"ह्यात दाना न्हाई. रिकामं जातं वढू न्हाई, बाई."

"मग नुसतंच गा."

"जातं फिरल्याबिगर शबुद कुठनं यायचं?"

ते मला कसं सुचलं नाही? जन्मभर पहाटे जात्यावरच गायलेली बाई ती. मागे पोरं बाहुल्यांसाठी ओरडू लागली, कुणीतरी फिदीफिदी हसलं. आईनं पदरानं घाम टिपला. शोभा झालीच होती आणि ती मीच केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. निऱ्या सावरत पायऱ्या चढून वर आल्या, पदराची गाठ सोडली आणि गहू जात्याशेजारी ओतले.

"सरका थोड्या, विहीणबाई. एकटीनं कशाला ओढायचं?"

समोर बसून त्यांनी जात्याला घास घातला, खुंटा धरला.

"तुमाला येतंय व्हय दळाया?" आईनं विचारलं.

"गिरणी यायच्या आधी दुसरं काय करत होते? मला आपली भीती, लोक तुम्हाला हसतील."

मी खाली मान घातली. वर्षभर एका घरात राहून मी या बाईला ओळखलंच नव्हतं.

जातं घरघरलं आणि आईला शब्द सापडले. पहिलीच ओवी तिथल्या तिथे जुळलेली:

"जात्याच्या खुंट्याला गं, हात दोघींचा लागला,
माझ्या लाडक्या लेकीला, दुसरा मायबाप भेटला."

शेवटचे शब्द सासूबाईंनी उचलून धरले. आवाज बेसूर होता, पण खणखणीत. बाहुल्या मागणारी पोरं रंगमंचाच्या कडेला येऊन टेकली.

ते पीठ आम्ही तिघींनी घरी नेलं. मूठभर गव्हांची जेमतेम एक पोळी झाली. सासूबाईंनी तिचे तीन तुकडे केले, आणि पहिला मला दिला.